अंगाला लागेपर्यंत

मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यात, लालबर्ऱ्यातल्या एखाद्या किडकिडीत पोराला विचारा, दिवसभरात काय खातोस. 'पोटभर भात,' असं उत्तर येईल आणि ते खोटं नसतं. वैनगंगेच्या या पट्ट्यात धानाशिवाय ताट नाही. सकाळी रात्रीचा उरलेला भात किंवा पेज, दुपारी वरण-भात, रात्री पुन्हा भात आणि पातळ भाजी. पोट भरतं, पण बरंचसं पाण्याने भरतं. शंभर ग्रॅम कोरड्या तांदळात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात. शिजताना तो इतकं पाणी ओढून घेतो, की शंभर ग्रॅम भातात त्यातल्या जेमतेम १३० उरतात. पेजेत आणखी कमी. २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला बालाघाटचा चिन्नोर घ्या की रेशनचा जाड तांदूळ, या हिशेबात काही फरक पडत नाही. चिन्नोरला वास आहे, भाव आहे, कॅलरी तेवढ्याच.

भरतीची तयारी करणारा विशीतला एक मुलगा धरू. उंची १७० सेंटीमीटर, वजन ४९ किलो. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की त्याचा बॉडी मास इंडेक्स १७ येतो. १८.५ च्या खालचा माणूस कमी वजनाचा धरतात. त्या रेषेवर पोचायला याला साडेत्रेपन्न किलो व्हावं लागेल, म्हणजे साडेचार किलो वाढ हवी. त्यासाठी रोज जेवढं खर्च होतं त्यावर तीनशे ते पाचशे कॅलरी जास्त पोटात जायला हव्यात. महिन्याला एक किलो ही बेताची चाल आहे. त्या चालीने साधारण पाच महिने लागतात.

आता या मुलाने ठरवलं की चारशे कॅलरी भातातूनच वाढवायच्या, तर त्याला रोज तीनशे ग्रॅम भात जास्त खावा लागेल, म्हणजे आधीच भरलेल्या पोटावर आणखी दोन वाट्या. तीन दिवस तो रेटून खाईल. चौथ्या दिवशी ताट बघूनच त्याला नको होईल आणि घरचे म्हणतील, याच्यात जिद्दच नाही. जिद्दीचा इथे संबंध नाही. पोटात जागा नाही, एवढंच. वजन वाढवायचे बहुतेक प्रयत्न पहिल्या आठवड्यात याच ठिकाणी बसतात.

म्हणून जागा कमी आणि जोर जास्त असे पदार्थ लागतात, आणि ते लालबर्ऱ्याच्या बाजारात मिळतात. वरणावर एक मोठा चमचा तूप किंवा कच्चं तेल ओतलं की १२० कॅलरी, ताटात कुठे दिसतही नाहीत. मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम, शेंगदाणे म्हणजे १७०. एक उकडलेलं अंडं सत्तर. गुळाचा लहान खडा चाळीस. झाल्या चारशे, आणि भाताचा एक घासही वाढवावा लागला नाही. जवसाची चटणी तर इथल्या घरात असतेच. बोटाने चाटण्याऐवजी दोन चमचे भातात कालवली, वर तेल घातलं, की आणखी दीडशेच्या वर. फुटाण्यात तेल कमी पण प्रथिनं चांगली, आणि ते खिशात राहतात. शिंगाड्याच्या दिवसांत शिंगाडे खावेत, पण ते वजन वाढवतील अशी आशा ठेवू नये. ताज्या शिंगाड्यात पाणीच बरंच. लाखोडीची डाळ स्वस्त म्हणून एकटी तीच रोज खाऊ नये. तिच्यातल्या विषारी घटकाने पाय लुळे पडतात, हे याच राज्यातल्या रीवा भागाने मोठी किंमत देऊन पाहिलं आहे. तूर, मूग, चणा यांच्याबरोबर अधूनमधून, आणि भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून दिलेली, इतपत ठीक.

भूक मारणाऱ्या गोष्टींचा हिशेब मात्र कोणी करत नाही. जेवणाआधी तांब्याभर पाणी, जेवायच्या वेळेला चहा, आणि सगळ्यात वर खर्रा. तंबाखूतलं निकोटीन भूक दाबतं, हे खर्रा खाणाऱ्याला ठाऊक असतं. दुपारचं जेवण चुकलं की तो पुडी उघडतोच म्हणून. वर सुपारीने तोंडाच्या आतली कातडी ताठ होत जाते, तोंड पुरतं उघडत नाही, तिखट लागलं की आग होते, आणि मग माणूस मऊ भात नि पेजेवर येऊन थांबतो. दिवसाला दोन-तीन पुड्या खाऊन वजन का वाढत नाही म्हणून विचारणाऱ्याला मी शेंगदाण्यांचं गणित सांगायच्या भानगडीत पडणार नाही. आधी पुडी सुटू दे.

आता 'खातो पण अंगाला लागत नाही' या तक्रारीकडे. ही तक्रार खरी असू शकते. १९९९ मध्ये अमेरिकेत जेम्स लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा हजार कॅलरी जास्त खायला घातल्या. सगळ्यांना सारखंच जास्तीचं खाणं. पण अंगावर चढलेली चरबी एकाच्या बाबतीत अर्ध्या किलोहूनही कमी, तर दुसऱ्याच्या बाबतीत चार किलोंच्या वर. फरक पडला तो न ठरवता होणाऱ्या हालचालींमुळे. काहींचं शरीर जास्तीचं अन्न मिळताच जास्त हलायला लागतं: पाय हलवणं, उठबस, येरझाऱ्या. अशा माणसाच्या चारशे कॅलरींतल्या दीडशे-दोनशे न कळत उडून जातात. त्याच्यात दोष काही नाही. तीन आठवडे थांबून, काटा हललाच नाही तर आणखी दीडशे-दोनशे वाढवायच्या.

भरतीवाल्यांच्या कॅलरी तर डोळ्यांदेखत उडतात. पहाटे ग्राउंड मारणारा ४९ किलोचा मुलगा पाच किलोमीटर धावला तर सुमारे अडीचशे कॅलरी जाळतो. तूप-शेंगदाण्यांनी कमावलेल्यातल्या निम्म्याहून जास्त गेल्या, आणि धावून आल्यावर त्याला भूकही लगेच लागत नाही. धावणं सोडून चालणार नाही, फिजिकल त्यावरच आहे. पण धावून आल्यावर अर्ध्या तासात भिजवलेले चणे-गूळ किंवा दूध-केळं पोटात गेलं पाहिजे, आणि हे चारशेच्या हिशेबात धरायचं नाही. ती धावण्याची भरपाई.

उत्साह नेमका कुठे मोडतो, ते काट्यावर दिसतं. पहिल्या आठवड्यात बहुतेकांचं वजन झपाट्याने वाढतं, एखादा किलोसुद्धा. पोरगा खूश. हे वजन मुख्यतः पाण्याचं असतं: जास्त खाल्लं की स्नायू आणि यकृत ग्लायकोजेन साठवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ही भर पुरी होते आणि काटा थांबतो, कधी अर्धा किलो मागेही येतो. खरी वाढ, आठवड्याला पाव किलो, आत्ता सुरू झालेली असते; पण दिवसादिवसाला पाण्याने, मिठाने, पोट साफ होण्या-न-होण्याने वजन किलो-दीड किलो वरखाली होतं, त्या गोंधळात पाव किलो दिसणार कसा? म्हणून रोजच्या आकड्याकडे बघून खूश व्हायचं नाही, खचायचंही नाही. एकच काटा, तोही सपाट फरशीवर. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी. आठवड्यातून तीन-चार वेळा मोजून सरासरी काढायची आणि ती मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडायची. आज दवाखान्यातला काटा, उद्या किराणा दुकानातला, असं केलं तर दोन काट्यांमधला फरकच तुमची महिन्याची कमाई गिळून टाकेल.

उत्साहाबद्दल एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती जुन्या प्रयोगातून आलेली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीझ यांनी ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्याच मर्जीने सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे चतुर्थांशाने उतरलं. पण वजनापेक्षा जास्त नोंदी झाल्या त्या मनाच्या. पूर्वी हसतीखेळती असलेली ही माणसं चिडचिडी, एकलकोंडी झाली, कशात लक्ष लागेना, थंडी सहन होईना, काही सुरू करायची इच्छाच उरली नाही. नंतर खाणं वाढवलं तेव्हा थोड्याशा वाढीने काही भागलं नाही. बऱ्याच जास्त कॅलरी लागल्या, महिनोन्‌महिने लागले, आणि चित्त ठिकाणावर आलं ते अन्नामागून.

लालबर्ऱ्यातला ४९ किलोचा मुलगा काही तसा उपाशी नाही. पण वर्षानुवर्षं कमी खाऊन ज्याचं शरीर काटकसरीला लागलं आहे, त्याच्यातला निरुत्साह हा बऱ्याच अंशी त्या कमी खाण्याचाच भाग असू शकतो. मग 'आधी मनाची तयारी कर, मग खा' या सल्ल्यात क्रमच उलटा आहे. मन तयार नसतानाही चालेल अशी सोय आधी लावावी लागते. पाच-सहा आठवड्यांनी अंगात जरा ऊब आली, की मन मागून येतं.

ती सोय कशी लावायची? जास्तीचं खाणं 'वेळ मिळाला की' वर सोडायचं नाही. रोज न चुकता घडणाऱ्या कशाला तरी ते बांधायचं. मोबाइल चार्जिंगला लावतो तिथे शेंगदाण्यांचा डबा ठेवायचा. दूध गाय-म्हैस पिळल्यावर लगेच, नाहीतर रात्री झोपताना. तुपाची वाटी फडताळात न ठेवता ताटापाशी. जेवण तीन वेळांचं पाच वेळांवर न्यायचं, म्हणजे प्रत्येक वेळी पोट ताणावं लागत नाही. ग्राउंडवरचे दोघं-तिघं मिळून चणे भिजवत असतील तर आणखी बरं. एकाला कंटाळा आला तरी दुसऱ्याच्या डब्यातलं खाल्लं जातं. आणि एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट खाऊन भरून काढायच्या फंदात पडू नये. त्याने अपचन होतं आणि मग पुढचे दोन दिवसही जातात.

दुसरी सोय पंचांगाची. या भागात वजन वाढवायचे महिने वर्षभर सारखे नसतात, हे शेतात राबणाऱ्याला सांगावं लागत नाही. आषाढ-श्रावणात रोवणीला दिवसभर चिखलात वाकून काम, घरात धान संपत आलेलं, पावसात जुलाब आणि हिवताप. तेव्हा अंग उतरतं. दिवाळीच्या आगेमागे कापणी-मळणी होते, हाती पैसा येतो, थंडीत भूक लागते, तीळ-गूळ-शेंगदाणे बाजारात येतात. सुरुवात करायची ती इथे, कार्तिकात. त्यानंतरचे चार महिने खरी वाढ. चैत्र-वैशाखात मोहफुलं वेचायला पहाटे निघावं लागतं, पुढे तेंदूपत्ता, वर ऊन, भूक मरते. त्या दिवसांत ताक-सत्तू, आंब्याचा रस, रात्रीच्या गारव्यातलं जेवण एवढ्यावर आहे ते टिकवलं तरी पुष्कळ. पाच महिन्यांत पाच किलो होतात ते असे, पहिल्या चार महिन्यांत बहुतेक सगळे. सरळ रेषेत वाढ होईल असं धरून बसणारा वैशाखात हमखास सोडून देतो.

लग्नसराईत माणसं बोलतातच. 'काहो बाबू, घरी जेवाले भेटत नाही का?' हे पंगतीत चार जणांदेखत. याला उत्तर द्यायची गरज नाही, सुवारी वाढून घ्यावी.

मुलींची आणि सुनांची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे उत्साहाची भाषा मला उद्धटपणाची वाटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १८.७ टक्के स्त्रिया १८.५ च्या खाली होत्या, मध्य प्रदेशात प्रमाण त्याहून जास्त. जी सगळ्यांना वाढून शेवटी जेवते, तिच्या ताटात अंडं, तूप, दूध किती येईल हे तिच्या निश्चयावर ठरत नाही. काय उरलं यावर ठरतं. रेशनचा तांदूळ फुकट मिळतो, त्यामुळे भात उरतो. डाळ आणि तेल उरत नाही. इथे उपाय एकच, तिचं ताट आधी काढून ठेवणं. सासूने किंवा नवऱ्याने ते मनावर घेतलं तर महिनाभरात सवय होते. तेही होत नसेल तर शेंगदाणे-तीळ-गुळाचे लाडू नगावर वळून तिच्या वाट्याचे वेगळ्या डब्यात. मोजलेली वस्तू वाटणीत हरवत नाही. पाच फूट उंचीच्या मुलीसाठी १८.५ ची रेषा ४३ किलोंवर आहे. रक्तदानाला किमान ४५ किलो लागतात. 'सुंदर दिसशील' असं सांगण्यापेक्षा 'तुला रक्त देता येईल' हे लक्ष्य मला जास्त सभ्य वाटतं.

नुसतं वजन वाढवणंही पुरेसं नाही, आणि याचा सर्वात नेटका पुरावा पुण्यातून आला. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स अगदी एकच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीदार, असं आपलं भारतीय शरीर असतं, आणि पुढे मधुमेह त्याच वाटेने येतो. म्हणून जिलेबी, भजे, थंड पेयं यांनी चढवलेले पाच किलो काट्याला खूश करतील, शरीराला नाही.

स्नायूंना वाढायला दोन गोष्टी लागतात, प्रथिनं आणि ताण. प्रथिनं साध्या माणसाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम सांगितली आहेत. व्यायाम करून वाढवायचं असेल तर १.२ ते १.६. आपल्या मुलाला म्हणजे साठ ते अठ्ठ्याहत्तर ग्रॅम. डाळ, चणे, दोन अंडी, दूध, आठवड्यातून दोनदा मासे किंवा कोंबडी यात ती बसतात, पावडरीचा डबा लागत नाही. ताणासाठी जिम असलीच पाहिजे असं नाही. दंड, बैठका, झाडाच्या फांदीला लटकून अंग वर खेचणं, अर्धं धान भरलेलं पोतं खांद्यावर घेऊन बैठका. आठवड्यातून तीन दिवस पुरे, मात्र दर आठवड्याला थोडं वाढलं पाहिजे. आज बारा दंड, पुढच्या आठवड्यात चौदा. काटा दोन आठवडे अडून बसतो तेव्हाही दंडांचा आकडा वाढत असतो, आणि हा आकडा पाणी-मिठाने हलत नाही. वहीत दोन्ही लिहावेत. पाटबंधाऱ्याच्या कामावरचा मजूर म्हणेल, आमचा दिवसभर व्यायामच. पण तेच ओझं वर्षानुवर्षं उचललं तर शरीर त्याला सरावतं, वाढत नाही.

गोळ्यांबद्दल जास्त लिहायची इच्छा नाही, तरी लिहावं लागतं. झोलाछाप डॉक्टर आणि काही दुकानं 'मोटा होण्याची गोळी' देतात. एक प्रकार सायप्रोहेप्टाडिनचा, मुळात ॲलर्जीचं औषध. भूक वाढते, झोप येते, बंद केली की भूक जाते. दुसरा डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडचा. त्याने आठ-पंधरा दिवसांत गाल भरतात, लोक म्हणतात 'बाबू भरला', पण ती सूज आणि चरबी असते, हातापायांचे स्नायू उलट झिजतात, साखर वाढते. आणि बरेच दिवस घेऊन एकदम थांबवली तर जिवावर बेततं. पंधरा दिवसांत चेहरा गोल झाला तर ती कमाई नव्हे.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी एक तपासणी. न ठरवता सहा महिने-वर्षभरात वजनाचा विसावा भाग उतरला असेल, दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल, संध्याकाळी ताप, सारखी तहान आणि लघवी, छातीत धडधड, यातलं काहीही असेल तर शेंगदाण्यांआधी सरकारी दवाखाना. क्षय, मधुमेह, थायरॉइड, जंत; आणि या भागात सिकलसेलही, ज्याच्या निर्मूलनाची देशव्यापी मोहीम १ जुलै २०२३ ला याच राज्यातल्या शहडोलहून सुरू झाली. झारखंडमध्ये क्षयरोग्यांना औषधांबरोबर धान्य, डाळ, तेल, दूध पावडर देऊन झालेल्या मोठ्या अभ्यासात, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका साठ टक्क्यांच्या आसपास कमी दिसला. क्षयरोग्याला निक्षय पोषण योजनेचे पैसे मिळतात, नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला हजार रुपये. ते खात्यात आलेत का हे पाहावं, आणि आले असतील तर ते अंडी-डाळीवर गेलेत का हेही.

मृगाचे दिवस आले, पऱ्हे टाकले, की हिशेब बदलतो. रोवणीच्या महिन्यात वजन वाढवायचं नाही, कमावलेल्यातलं एक किलोपेक्षा जास्त जाऊ द्यायचं नाही. बांधीवर जाताना भाताच्या डब्याबरोबर फुटाणे-गुळाची पिशवी न्यावी आणि भूक लागायची वाट न बघता दहा वाजता नि चार वाजता खावी. जुलाब लागले तर ओआरएस, आणि बरं वाटताच तूप-भात. तापाने दोन किलो उतरले तरी त्यातलं बरंचसं पाणी असतं, आठ-दहा दिवसांत परत येतं. वहीत त्या आठवड्यासमोर 'ताप' एवढंच लिहावं आणि पुढच्या सोमवारी पुन्हा काट्यावर उभं राहावं.